अंतर मोजणारं यांत्रिक चाक आणि ‘हे तर सहज सुचण्यासारखं आहे’ हा पेटंट आक्षेप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याच्या कामावर, केबल टाकताना, अपघाताच्या पंचनाम्यात, शेताच्या कडेनं चालताना जे एका दांड्याचं चाक ढकलत नेतात, त्याबद्दल हे पान आहे. कंत्राटदार त्याला रोडोमीटर म्हणतात, दुकानात मेजरिंग व्हील म्हणून मिळतं. यात सुधारणा करणारे कारागीर, वर्कशॉपवाले आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी पेटंटचा अर्ज करतात, आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: पेटंट कार्यालयाचा परीक्षक म्हणतो की यात इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, म्हणजे हे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं. हा आक्षेप कसा उभा राहतो आणि त्याला उत्तर कशानं मिळतं, एवढंच इथे सांगितलं आहे. कायदा भारतातला धरला आहे.

चाकानं अंतर मोजणं हजारो वर्षं जुनं आहे. मग त्यावर आता पेटंट मिळेलच कसं?

‘चाकानं अंतर मोजणं’ यावर मिळणार नाही. त्यातल्या एखाद्या नेमक्या सुधारणेवर मिळू शकतं.

जुनेपणाची कल्पना यावी म्हणून: रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात अशा गाडीचं वर्णन लिहून ठेवलं. चार फूट व्यासाचं चाक, एका फेऱ्यात साडेबारा फूट, ४०० फेऱ्यांत ५००० फूट म्हणजे एक रोमन मैल. मैल पुरा झाला की दातेरी चक्रातून एक खडा खालच्या भांड्यात पडायचा. दिवसअखेर खडे मोजायचे. चीनमध्ये दर ‘ली’ अंतराला लाकडी पुतळा ढोल वाजवील अशी गाडी होती. इंग्लंडमध्ये जॉन ओगिल्बीनं १६७५ साली छापलेले रस्त्यांचे नकाशे हातानं ढकलायच्या चाकानं मोजलेले होते, आणि भारतातल्या ब्रिटिश सर्वेक्षकांनी मार्ग मोजायला तेच चाक ‘पेराम्ब्युलेटर’ या नावानं वापरलं. मॅरेथॉनचा मार्ग मोजायला सायकलच्या पुढच्या चाकावर लावतात तो जोन्स काउंटर १९७१चा.

परीक्षकाच्या लेखी यातलं प्रत्येक वर्णन पूर्वज्ञान आहे, म्हणजे अर्जाआधीच जगासमोर आलेली माहिती. पूर्वज्ञानाला वयाची अट नसते. दोन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर आणि तुमच्या अर्जाच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध झालेला कॅटलॉग, दोन्ही सारखेच चालतात. पण हे जुनेपण अर्जदाराच्याही उपयोगी पडतं, आणि ते फार कमी जण वापरतात. एखादी चूक इतकी वर्षं सगळ्यांच्या हाताखालून जात राहिली आणि कुणीही ती दुरुस्त केली नाही, हे कागदोपत्री दाखवता आलं, तर ‘सहज सुचण्यासारखं होतं’ हे म्हणणं परीक्षकालाच अवघड जातं.

कायद्यात नेमकं काय म्हटलं आहे?

पेटंट कायदा १९७०, कलम २(१)(जेए). आजच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही असलेलं वैशिष्ट्य हवं, आणि त्या वैशिष्ट्यामुळे शोध त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा राहता कामा नये. शेवटची अट सुटत नाही. आर्थिक महत्त्व कितीही असलं तरी सहज सुचणारं असेल तर पेटंट नाही.

नावीन्य आणि इन्व्हेंटिव्ह स्टेप एकच ना?

नाही. नावीन्य तपासताना एकाच दस्तऐवजात तुमचा सगळा शोध सापडतो का ते पाहतात. इन्व्हेंटिव्ह स्टेप तपासताना परीक्षकाला दोन-तीन दस्तऐवज आणि त्या क्षेत्रातलं सर्वसाधारण ज्ञान एकत्र धरता येतं. म्हणून ‘माझ्यासारखं चाक जगात कुठेच नाही’ हे खरं असूनही अर्ज नामंजूर होऊ शकतो.

हा ‘जाणकार’ म्हणजे कोण?

एक कल्पित माणूस. मोजणीच्या चाकाच्या बाबतीत तो यांत्रिक साधनं डिझाइन करणारा अनुभवी माणूस धरला जातो. त्याला बेअरिंग, गिअर, आकडे फिरवणारे काउंटर, स्प्रिंग, ब्रेक यांची चांगली माहिती आहे, मोजमापाच्या साधनांचं साहित्य त्यानं वाचलेलं आहे आणि नेहमीची खटपट तो स्वतः करू शकतो. मात्र प्रतिभेची झेप त्याच्याकडे नाही.

भारतात याचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या १९७८च्या निकालानं घातला. वाद होता लेथवर भांडी कातताना ती पकडून ठेवण्याच्या युक्तीचा. न्यायालयाला ती युक्ती वर्कशॉपमधल्या नेहमीच्या सुधारणेपलीकडे गेलेली दिसली नाही आणि पेटंट टिकलं नाही. कसोटी अशी मांडली गेली: पूर्वीचा दस्तऐवज एका सक्षम कारागिराच्या किंवा इंजिनिअरच्या हाती दिला, त्याच्यासमोर तीच अडचण आहे, पण तुमचा शोध त्याला ठाऊक नाही, तर तो म्हणेल का, ‘मला हवं होतं ते यात आहे’?

यांत्रिक शोध घेऊन येणाऱ्या प्रत्येकानं हा निकाल वाचावा असं मला मनापासून वाटतं. औषधांच्या खटल्यांची चर्चा जास्त होते, पण लेथ, पकड, आस, दांडा यांची भाषा इथे आहे.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

हे उदाहरण समजावण्यासाठी रचलं आहे, पण त्यातलं यंत्रशास्त्र खरं आहे.

बाजारातलं साधं चाक घ्या. परीघ एक मीटर, म्हणजे व्यास सुमारे ३१.८ सेंमी. काउंटर चाकाच्या फोर्कवर (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यावर) किंवा दांड्यावर घट्ट बसवलेला. आता नीट पाहा: काउंटर चाकाचं फिरणं मोजतो ते फोर्कच्या तुलनेत. जमिनीवर कापलेलं अंतर मात्र चाक स्वतः जमिनीच्या तुलनेत किती फिरलं यावर ठरतं. चालताना दांड्याचा कोन बदलला नाही तर दोन्ही सारखं. पण तुम्ही सुरुवातीला दांडा खाली धरला आणि शेवटी भिंतीपाशी पोचल्यावर तो ३६ अंशांनी उभा केला, तर फोर्क चाकाच्याच दिशेनं एक दशांश फेरा फिरला. काउंटर १० सेंमी कमी दाखवतो. उलट केलं तर १० सेंमी जास्त.

ही चूक साठत जात नाही. पाचशे मीटर रस्ता मोजताना तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. पण पाच मीटरचं माप घेताना १० सेंमी म्हणजे दोन टक्के, आणि ब्रेकच्या खुणा किंवा फरसबंदीचे छोटे तुकडे मोजताना दोन टक्के फार होतात.

समजा, एका अर्जदारानं काउंटरचं घर फोर्कपासून सोडवलं. घर आसावर मोकळं फिरतं आणि त्याच्या खाली वजन आहे, त्यामुळे ते लंबकासारखं नेहमी सरळ खाली लोंबतं. दांडा कसाही धरा, चाकाचा फेरा आता गुरुत्वाच्या दिशेच्या तुलनेत मोजला जातो. चूक गेली.

परीक्षक शोध घेतो. पहिला दस्तऐवज, डी१: साधं मोजणीचं चाक, काउंटर फोर्कवर. दुसरा, डी२: ट्रकच्या ट्रेलरच्या चाकाच्या हबवर बसवायचा हबोडोमीटर. त्यात आत एक एका बाजूला जड असलेलं वजन असतं. चाक फिरतं, वजन खाली लोंबत राहतं आणि दोघांमधल्या फरकावरून फेरे मोजले जातात. परीक्षक लिहितो: डी१मध्ये डी२चं वजन बसवणं जाणकाराला सहज सुचेल.

मग संपलंच ना? दोन्ही तुकडे आधीच होते.

तुकडे आधी असणं पुरेसं नाही. यांत्रिक शोधाचे तुकडे नेहमीच आधी असतात. चाक, स्क्रू, तरफ, स्प्रिंग यांच्यापलीकडे कुणी जात नाही. प्रश्न असा विचारायचा की डी१ हातात असलेल्या माणसाला डी२कडे जायचं कारण काय होतं?

हबोडोमीटरमध्ये लोंबतं वजन का आहे? कारण फिरत्या हबवर धरून ठेवायला दुसरं काही स्थिर नाही. नाइलाज म्हणून ते आहे. मोजणीच्या चाकाला फोर्क आहे, तो धरायला हाताशी आहे, म्हणून कुणाला त्या वजनाची गरजच वाटली नाही. दांड्याच्या कोनाची चूक डी१मध्येही लिहिलेली नाही आणि डी२मध्येही. आणि जी अडचण कुणी पाहिलीच नाही, तिच्यावरचं उत्तर शोधायला कुणी निघत नाही. कधीकधी अडचण ओळखण्यातच शोधाचा मोठा भाग असतो, आणि उत्तर लिहिताना मी सगळा जोर इथेच देईन.

पण परीक्षकाची बाजूही प्रामाणिकपणे पाहू या. तो म्हणू शकतो की दांडा हलवला की आकडा हलतो हे चाक वापरणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी दिसतं, त्यामुळे अडचण ‘लपलेली’ नव्हती. हा मुद्दा दमदार आहे. नुसत्या लंबकावर अर्ज उभा असेल तर निकाल कोणत्याही बाजूला जाऊ शकतो.

म्हणून पुढची गोष्ट महत्त्वाची. लंबक बसवून चालायला लागलं की नवीन भानगड सुरू होते. सहा सेंटिमीटर लांबीच्या साध्या लंबकाचा झोका सुमारे अर्ध्या सेकंदाचा असतो, म्हणजे सेकंदाला दोन झोके. माणूस साधारण त्याच गतीनं पावलं टाकतो. प्रत्येक पावलाचा धक्का झोक्याला जोर देतो, झोका वाढत जातो, आणि एखाद्या खड्ड्यात वजनानं पूर्ण कोलांटी मारली की अख्खा एक मीटर चुकतो. डी१ आणि डी२ सरळ जोडले तर साधन बिघडतं. ट्रेलरला पावलं नसतात, त्यामुळे डी२मध्ये याचा उल्लेख असण्याचं कारणच नाही.

झोका दाबायला घर्षणाचा पट्टा लावला, तर थांबल्यावर वजन लंबात न येता थोडं तिरकं अडकतं, आणि ज्या चुकीसाठी हा सगळा खटाटोप केला ती मागच्या दारानं परत येते. आमच्या अर्जदारानं मग घराला ॲल्युमिनियमची चकती आणि फोर्कला चुंबक लावले. चकती हलते तेव्हाच चुंबकीय रोध होतो. थांबली की रोध शून्य, आणि वजन बरोबर लंबात येतं. आकडा वाचायचा असतो तो थांबल्यावरच.

परीक्षक तिसरा दस्तऐवज आणेल: जुन्या वीजमीटरच्या चकतीला चुंबकाचा ब्रेक असतोच. खरं आहे. पण आता त्याला साखळीच्या प्रत्येक कडीचं कारण द्यावं लागेल: फोर्क सोडून लंबक का, लंबकाला रोध का, आणि घर्षणाचा सोपा रोध सोडून चुंबकाचा का. दस्तऐवजांची संख्या तीन झाली म्हणून आपोआप पेटंट मिळत नाही. मात्र प्रत्येक जोडणीमागे कारण लागतं, आणि इथे ती कारणं अर्जदाराच्या चाचण्यांतूनच बाहेर आली आहेत.

चाकाच्या क्षेत्राबाहेरचे दस्तऐवज परीक्षकाला काढता येतात का?

येतात, अडचण सारखी असेल तर. याचं सोपं उदाहरण चिखलाचं.

ओल्या मातीत चाकाच्या धावेवर चिखलाचा थर बसतो. एक मिलिमीटर थर म्हणजे त्रिज्या १५९ वरून १६० मिमीवर, परीघ सुमारे ६ मिमीनं मोठा. प्रत्यक्ष १०० मीटर चाललात तरी काउंटर जवळपास ९९.४ दाखवतो. साठ सेंटिमीटर गायब. यावर कुणी धावेला टेकणारी खरवडणी लावली आणि पेटंट मागितलं, तर मी त्याला अर्ज करू नका असंच सांगेन. रोड रोलरला खरवडणी असते, पेरणी यंत्राच्या चाकांना आणि तव्यांना असते. फिरत्या चाकाला चिकटणारी माती ही तीच अडचण आहे, उपाय तोच, परिणामही अपेक्षित तोच. जाणकार शेजारच्या क्षेत्रात डोकावणारच.

खरवडणीच्या घासण्यानं चाक घसरू लागतं आणि मोजमाप उलट बिघडतं, हे दाखवून त्यावर काही वेगळी रचना केली असेल, तर गोष्ट वेगळी.

चाकाला टॉर्च, शिट्टी, घडीचा दांडा आणि मोबाइल स्टँड असं सगळं एकत्र बसवलं आहे. हे जोडकाम नवीन आहे.

नवीन असेल, पण कलम ३(एफ) आड येईल. ज्ञात साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपापलं काम पूर्वीसारखंच स्वतंत्रपणे करतं, तर कायदा त्याला शोध मानत नाही. टॉर्च चाकामुळे जास्त उजेड देत नाही आणि चाक टॉर्चमुळे अचूक होत नाही. भागांनी मिळून असं काही करायला हवं जे एकेकटे करू शकत नाहीत. वरच्या उदाहरणात लंबकाशिवाय चुंबक निरुपयोगी आणि चुंबकाशिवाय लंबक धोकादायक, हे त्याचं नेमकं उत्तर.

माझा शोध इतका साधा आहे की ऐकल्यावर सगळे म्हणतात, ‘हे तर मलाही सुचलं असतं.’

ऐकल्यानंतर. ही पश्चातबुद्धी आहे आणि पेटंट परीक्षणातला सगळ्यात मोठा धोका हाच. परीक्षक तुमचं स्पेसिफिकेशन, म्हणजे अर्जातलं शोधाचं लेखी वर्णन, आधी वाचतो, मग दस्तऐवज शोधतो. उत्तर हातात घेऊनच तो प्रश्नाकडे जातो. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, कामाचा क्रमच तसा आहे. म्हणून न्यायालयं कारणं मागतात. दिल्ली उच्च न्यायालयानं ॲग्रिबोर्ड प्रकरणात २०२२ साली स्पष्ट केलं की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून नामंजुरी देताना तीन गोष्टींचा विचार आदेशात दिसला पाहिजे: पूर्वज्ञान काय, अर्जातला शोध काय, आणि पहिल्यावरून दुसरा जाणकाराला कसा सुचला असता. नुसतं ‘डी१ आणि डी२ पाहता सहज सुचणारं’ हे वाक्य पुरत नाही.

साधेपणा म्हणजे दोष नाही. कायद्यात गुंतागुंतीची अट कुठेच नाही.

क्लेम कसा लिहावा?

‘चाक, दांडा, काउंटर आणि लंबक असलेलं अंतर मोजण्याचं साधन’ असा पहिला क्लेम (नेमक्या कशावर हक्क मागता ते सांगणारं वाक्य) लिहिला तर तो डी१ अधिक डी२च्या थेट तोंडी जातो. काम करणारी रचना क्लेममध्येच यायला हवी: काउंटरचं घर फोर्कला पक्कं न जोडता आसावर मोकळं फिरतं, घराचा गुरुत्वमध्य आसाच्या खाली आहे, घर आणि फोर्क यांच्यामध्ये असा चुंबकीय रोधक आहे जो घर स्थिर असताना त्यावर कोणतंही बल लावत नाही. या शेवटच्या ओळीत सगळी लढाई आहे.

खालच्या क्लेम्समध्ये पायरीपायरीनं अरुंद होत जा. रुंद क्लेम पडला तर उभं राहायला जागा उरते.

एफईआर आला आहे. आता काय?

पहिला परीक्षण अहवाल (एफईआर) जारी झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर द्यायचं. मुदत संपायच्या आत फॉर्म ४ आणि शुल्क भरलं तर आणखी तीन महिने मिळतात. त्यानंतर अर्ज सोडून दिला असं धरतात, म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

आधी परीक्षकानं दिलेले दस्तऐवज स्वतः वाचा, आकृत्यांसकट. सारांशावर विसंबू नका. अनेकदा परीक्षकानं ज्या भागाला ‘लंबक’ म्हटलंय तो प्रत्यक्षात फक्त समतोलाचं वजन निघतो. मग क्लेमचा एकेक घटक डावीकडे आणि डी१, डी२मध्ये तो कुठे आहे ते उजवीकडे, असा तक्ता करा. जी ओळ रिकामी राहील, तिच्यावर उत्तर बांधा: हा फरक, त्याचा हा मोजलेला परिणाम, आणि दोन्ही दस्तऐवजांत तिकडे जायला सुचवणारं हे हे नाही.

‘आमचा शोध अद्वितीय आणि क्रांतिकारी आहे’ अशी वाक्यं काढून टाका. त्यांचा उपयोग शून्य. त्याऐवजी दांडा ३० अंशांवरून ६६वर नेला असता जुन्या चाकाचा आणि नव्या चाकाचा आकडा किती बदलला, हे दोन ओळींत लिहा.

चाचणीचे आकडे आणि अडचणीचं वर्णन उत्तरात नव्यानं घालता येईल?

स्पेसिफिकेशनमध्ये नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती फक्त क्लेम अरुंद करणारी, चूक सुधारणारी किंवा खुलासा करणारी चालते. मूळ मजकुरात नव्हती ती माहिती आत आणता येत नाही. चाचणीचे आकडे उत्तरासोबत शपथपत्रावर देता येतात, पण ज्या परिणामाचा मूळ मजकुरात उल्लेखच नाही, त्यासाठी ते फार कमी वजन टाकतात.

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. इन्व्हेंटिव्ह स्टेपची लढाई एफईआर आल्यावर सुरू होते असं लोक समजतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. अडचण काय होती, कुणाला ती का दिसली नाही, सोपे उपाय करून पाहिले तेव्हा काय बिघडलं, सहा सेंटिमीटरचा लंबक का कोलांटला, घर्षणाचा पट्टा का काढला: फसलेल्या प्रयोगांची ही वही अर्जाच्या पहिल्या दिवशीच स्पेसिफिकेशनमध्ये उतरली पाहिजे. कारागीर नेमकं तेच लपवतात. त्यांना वाटतं, फसलेलं लिहिलं तर शोध कच्चा दिसेल. प्रत्यक्षात ‘सहज सुचलं असतं’ या आक्षेपाला त्याहून चांगलं उत्तर नाही.

चाक भरपूर विकलं जातंय. हा पुरावा चालेल?

आधार म्हणून चालेल, एकटा पुरणार नाही. खप किमतीमुळे, जाहिरातीमुळे, ओळखीच्या ठेकेदारांमुळेही होतो. तो त्या विशिष्ट सुधारणेमुळेच झाला असं दाखवावं लागतं.

अर्जाआधी मी चाकाचा व्हिडिओ टाकला होता. चालेल ना?

बहुधा नाही. तुमचाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध डी१ होतो. अमेरिकेत शोधकर्त्याला स्वतःच्या प्रकटनासाठी एक वर्षाची सवलत आहे; भारतात तशी सरसकट सवलत नाही. सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेसमोरचा निबंध अशा मोजक्या प्रसंगांना कलम ३१ बारा महिन्यांचं संरक्षण देतं. रस्त्यावर उघड चाचणी घ्यावीच लागणार असेल तर कलम ३२ वर्षभरापुरती वाजवी चाचणीची मुभा देतं, पण विक्री आणि जाहिरात त्यात बसत नाही.

आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका, मग दाखवा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १६०० रुपये आहे. पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायला त्यापुढे बारा महिने मिळतात.

पूर्वज्ञानाचा शोध स्वतः कसा घ्यावा?

वर्गीकरणापासून सुरुवात करा. मोजणीची चाकं जी०१बी ३/१२ या वर्गात येतात, आणि ओडोमीटर, पेडोमीटर यांचा वर्ग जी०१सी २२. भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाची इनपास ही शोधसेवा मोफत आहे. एवढ्यावर थांबू नका: वरच्या उदाहरणातला घातक दस्तऐवज ट्रेलरच्या हबवर होता. आपली युक्ती चाकाचं नाव काढून एका वाक्यात लिहा, जसं ‘गुरुत्वाच्या तुलनेत फेरे मोजणं’, आणि ती शोधा. सायकल, शेतीची यंत्रं, खाणीतल्या गाड्या, कापड मोजायची यंत्रं सगळं चाळा.

मुंबईच्या कार्यालयात अर्ज केला तर परीक्षण मुंबईतच होतं का?

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी योग्य कार्यालय मुंबईचं. परीक्षण मात्र देशातल्या कोणत्याही शाखेतल्या परीक्षकाकडे जाऊ शकतं. सुनावणी व्हिडिओवर होते, त्यामुळे प्रवास नाही. परीक्षणासाठी वेगळी विनंती, फॉर्म १८, करावी लागते. १५ मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिने आहेत. विनंती केली नाही तर अर्ज कुणी हातात घेत नाही.

इतर देशांत कसोटी वेगळी आहे?

गाभा तोच, मांडणी वेगळी. युरोपीय पेटंट कार्यालय सर्वांत जवळचा दस्तऐवज घेतं, फरकावरून तांत्रिक अडचण ठरवतं, आणि विचारतं की जाणकार तसं करू शकला असता एवढंच नव्हे, तर त्यानं तसं केलं असतं का. अमेरिकेत केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या २००७च्या निकालानं दस्तऐवज जोडणं परीक्षकाला सोपं केलं. तो वादही यांत्रिकच होता, गाडीच्या ॲक्सिलरेटर पेडलवर सेन्सर कुठे बसवायचा याचा. न्यायालयानं म्हटलं की जाणकाराकडेही सामान्य कल्पकता असते. माझ्या मते आमचं लंबक-चुंबकाचं उदाहरण युरोपात जास्त आरामात पार पडेल, अमेरिकेत जास्त झगडावं लागेल.

जर्मनी आणि चीनमध्ये युटिलिटी मॉडेल नावाचं छोटं संरक्षण आहे, भारतात ते नाही. आणि परीक्षणाशिवाय हक्क दिला तर काय होतं, हे ऑस्ट्रेलियात २००१ साली दिसलं: मेलबर्नच्या एका वकिलानं चक्क चाकावरच इनोव्हेशन पेटंट मिळवून दाखवलं. सहज सुचण्याच्या आक्षेपानं वैतागलेल्या अर्जदारांनी हा प्रसंग जरूर आठवावा. तो आक्षेप नसता तर उद्या कुणीही तुमच्या वर्कशॉपला साध्या चाकासाठी नोटीस पाठवू शकला असता.

इन्व्हेंटिव्ह स्टेप दाखवता येणार नसेल तर दुसरा मार्ग?

चाकाचं दिसणं वेगळं असेल तर डिझाइन नोंदणी करा. दहा वर्षं, आणि पुढे पाच वर्षं वाढवून मिळतात. ती फक्त रूपाचं रक्षण करते, कामाचं नाही.

अर्ज नामंजूर झाला. आता?

आदेशात कारणं आहेत का ते आधी पाहा. उघड चूक असेल तर महिन्याभरात पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. नाहीतर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील. अपील मंडळ २०२१ साली बंद झाल्यापासून मुंबई कार्यालयाच्या आदेशांवरची अपिलं मुंबई उच्च न्यायालयात जातात. कारणांचा विचार न करता दिलेले आदेश न्यायालयं अनेकदा फेरविचारासाठी परत पाठवतात. पण आदेशात प्रत्येक कडीचं कारण नीट लिहिलं असेल आणि तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये त्याला छेद देणारं काही नसेल, तर अपिलाचा खर्च करण्याआधी दोनदा विचार करा.

पेटंट मिळालं की चाक लगेच विकता येईल?

पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, अर्ज केल्याच्या तारखेपासून वीस वर्षं, नूतनीकरण शुल्क भरत राहिलात तर. विकायची परवानगी ही वेगळी बाब. व्यवहारातल्या मापासाठी वापरायचं साधन वैध मापन कायदा २००९च्या कक्षेत येतं, आणि त्याची मान्यता व पडताळणी वैध मापन शास्त्र विभागाकडे होते. तिथे इन्व्हेंटिव्ह स्टेप कुणी विचारत नाही. शंभर मीटरला आकडा किती चुकतो, एवढंच पाहतात.